काठोकाठ भरलेली बाटली

१

तळ्याच्या पाण्याचे नमुने घेणारा नमुनेवाला लव्हाळ्यात पालथा सापडला तेव्हा त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या बांधलेल्या होत्या, शर्टाच्या खिशाला पेन होतं आणि जवळच तरंगणाऱ्या होडीत त्याची लाकडी पेटी व्यवस्थित बंद होती. सगळं जिथल्या तिथे. भलत्या जागी होता तो फक्त माणूस.

सकाळी गवत कापायला आलेल्या बायकांनी त्याला आधी पाहिलं. पोलीस येईपर्यंत काठावर घोळका जमला होता आणि घोळक्यानं निकालही देऊन टाकला होता. होडीत उभा राहिला, पाय घसरला, डोकं काठाला आपटलं, खेळ खलास. डोक्यामागे खोक होती, होडीच्या काठावर रक्ताचा डाग होता. बिचाऱ्या निकालात खोट काढायला जागाच नव्हती.

“साहेब, अपघातच दिसतोय,” शिपाईबाई म्हणाल्या.

साहेब होडीत उतरला. खात्यात त्याला तोंडावर साहेब आणि पाठीमागे मुनीम म्हणत, आणि हे त्याला माहीत होतं. समोरचा माणूस बोलायला लागला की तो मनात दोन रकाने पाडायचा. माणसानं जे दिलं ते जमा, जे हातचं राखलं ते येणे. गुन्हेगार त्याला नेहमी येण्याच्या रकान्यात सापडायचे. निवृत्ती जवळ आली होती, केस आधीच गेले होते, पण हा रकाना काही सुटत नव्हता.

त्यानं पेटी उघडली. आत कापसाच्या गादीवर एकच काचेची बाटली होती. तिच्या चिठ्ठीवर नमुनेवाल्याचं टपोरं अक्षर: उत्तरेचा कोपरा, तळाचं पाणी, धातूंची तपासणी. तळ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्याशी नळ बनवणाऱ्या कारखान्याची भिंत येते. त्या भिंतीआडून रात्री-बेरात्री काय येतं याबद्दल गाव वर्षानुवर्षं कुजबुजत होतं, आणि तेच पकडायला या माणसाला सरकारी प्रयोगशाळेनं होडीत बसवलं होतं.

मुनीमानं बाटली उन्हात धरली, आडवी केली, उलटी केली. आत काहीच हललं नाही. हवेचा एक मणीसुद्धा नाही. पाणी आहे की नुसतीच काच, कळू नये.

“दिसायला तरी स्वच्छ आहे,” शिपाईबाई म्हणाल्या.

“दिसायला,” मुनीम म्हणाला आणि बाटली प्रयोगशाळेकडे पाठवून दिली.

तेवढ्यात घोळका फाटला. तळ्याचा ठेका घेतलेले, मासे पाळणारे आबा येत होते, गुडघ्यापर्यंत चिखलात. मेलेला त्यांचा जावई. त्यांनी एकदा लव्हाळ्याकडे पाहिलं, मग कारखान्याच्या भिंतीकडे बोट केलं. “त्यांनी मारला माझ्या पोराला. लिहून घ्या साहेब. त्यांनी मारला.”

आबांच्या मागे त्यांची मुलगी होती. दिवस भरत आलेली, एक हात पोटावर. ती रडत नव्हती. तिनं होडीकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं आणि मुनीमाला म्हणाली, “पाय घसरला असं लिहू नका. होडीत उभा राहायची त्याची पद्धतच नव्हती. तो बसून नमुना घ्यायचा. घरी बाळ येतंय. मोठं झाल्यावर विचारेल, बाबा कसा गेला. त्याला मी खरं सांगणार आहे. तेवढं शोधून द्या.”

मुनीमानं पहिल्यांदाच कुणाचं तरी येणं स्वतःच्या नावावर लिहून घेतलं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आबांच्या शेडवर गेला. पाणी अजून राखाडी होतं. काठाला मासे भरलेले क्रेट रचले होते, माणसं वरून बर्फ फोडून टाकत होती.

आबा पिल्लांच्या हौदापाशी वाकले होते. हौद कूपनलिकेच्या पाण्याचा, इतका नितळ की तळाची फरशी मोजावी. त्यांनी एक छोटी बाटली तिरकी पाण्यात बुडवली, पाण्यातच सरळ केली, बूचही पाण्याखालीच लावलं. मग ती डोळ्यांसमोर धरून उलटी-सुलटी केली. कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा दिसला. “च्,” असं करून त्यांनी ती ओतून टाकली आणि पुन्हा भरली.

“एवढ्याशा बुडबुड्यानं काय होतं?” मुनीमानं विचारलं.

“माप बिघडतं. पहाटे पाण्यातली हवा सगळ्यात कमी असते. मासा गुदमरतो का नाही, हे यावर कळतं. बाहेरची हवा आत राहिली की पाणी खोटं बोलतं.” आबांनी बाटलीत दोन औषधांचे थेंब सोडले. पाणी तपकिरी झालं. “आहे. हवा आहे. दिवसातून दोनदा करतो, हात आपोआप चालतो. झोपेत बाटली दिली तरी अशीच भरेन.”

“जावई जाऊन एक दिवस झाला नाही आबा, आणि तुम्ही मासे काढताय.”

आबा बाटली पुसत राहिले. “मी रडत बसलो तर मासा थांबणार आहे का? वाढ झाली की काढावाच लागतो. लॉऱ्या ठरलेल्या. पोरीचं बाळंतपण तोंडावर, आता तिला माझ्याशिवाय कोण आहे?”

“जावई घरी काही बोलला होता? पाण्याबद्दल?”

“तो? छे. कामाचं कधी घरात आणायचा नाही. तोंड शिवलेलं. आमची पोर म्हणायची, आमच्या घरी एकच नमुना, आणि तोही सीलबंद.” ते हसायला गेले आणि हसू अर्ध्यावर मोडलं. डोळे खरंच भरून आले.

मुनीमानं ते पाणी जमेत धरलं. दुःख खरं होतं, त्यात भेसळ नव्हती. पण शेडमधल्या खाटेवर ओले कपडे वाळत होते, आणि चहा येईपर्यंत आबांनी त्यांच्याकडे तीनदा पाहिलं.

मासेवाल्याचे कपडे ओले असायचेच. तरी मुनीमानं ते येण्याच्या रकान्यात टिपलं.

३

कारखान्याचा व्यवस्थापक असा माणूस होता, की त्याच्या खोलीत शिरलं की आपलेच बूट मळके वाटावेत. भिंतीवर नळच नळ. वाकडे, सरळ, हंसाच्या मानेचे, सगळ्यांवर आरशासारखा मुलामा.

“आमच्या नळातून पाणी पिताना लोक आम्हालाच शिव्या देतात,” तो म्हणाला. “बसा ना. वाईट झालं. चांगला मुलगा होता.”

“तुम्हाला तो आवडायचा?”

“नाही. पण चांगला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.”

मुनीमाला हे उत्तर आवडलं. बदमाश माणसाचं अधूनमधून असं एखादं प्रामाणिक वाक्य निघतं, आणि त्यावर तो पुढचा महिनाभर जगतो.

खिडकीच्या कट्ट्यावर सांडपाण्याच्या बाटल्यांची रांग होती. शाळेतली पोरं उंचीनं उभी करावीत तशा. प्रत्येकीत गळ्याशी बोटभर जागा रिकामी.

“हे रोजचे नमुने,” व्यवस्थापक म्हणाला. “आमचा माणूस भरतो. धातू तपासायचे असतात. नियमाप्रमाणे सगळं शुद्ध करून टँकरनं शहराबाहेरच्या केंद्रावर जातं. आणि तुम्हाला अजून कळलं नसेल, तर नमुनेवाल्याच्या त्या बाटलीचा निकाल आला. स्वच्छ. धातूचं नावही नाही.”

“माझ्या आधी तुम्हाला कळलं?”

“प्रयोगशाळेत आमचेही हितचिंतक आहेत.” त्यानं हात पसरले. “आता सांगा, मी त्याला कशाला मारीन? त्याची बाटली तर माझी साक्षीदार निघाली.”

हे बिनतोड होतं. मुनीम उठला.

“एक विचारू?” व्यवस्थापक मागून म्हणाला. “आबांना काय झालंय? दर आठवड्याला माझ्या फाटकाशी येऊन आईबहिणीचा उद्धार करून जातात. वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या आठवड्यात आलेच नाहीत. आमच्या पहारेकऱ्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तेव्हा तर जावई जिवंत होता.”

मुनीम दारात थांबला. ज्याला शिव्या द्यायचं एवढं कारण होतं, तो माणूस गप्प का झाला?

४

कारखान्याचा टँकरवाला गाडीखाली होता. त्याचे पाय तेवढे बाहेर, आणि तेही पोलीस म्हटल्यावर आत ओढले गेले.

“बाहेर ये,” शिपाईबाई म्हणाल्या. “टँकर काही तुला जन्म देत नाहीये.”

तो आला. ओशाळलेला, दाढी वाढलेला, हात काळे. नळाखाली बाटली धरली, अर्धी भरली, अर्धी सांडली आणि तोंड न लावता घटाघटा प्यायला. नमुनेवाल्याशी त्याची बाजारात मारामारी झाली होती हे सगळ्यांना माहीत होतं. नमुनेवाल्यानं त्याच्या टँकरचा फोटो काढला म्हणून.

“तू त्या दिवशी तळ्यावर होतास,” मुनीम म्हणाला. हे त्याला माहीत नव्हतं. पण लव्हाळ्याच्या बाजूला रुंद चाकांचे ताजे ठसे होते, आणि गावात एवढा जड टँकर दुसरा नव्हता.

“मी त्याला हात लावला नाही.”

“ते नंतर. होतास का?”

टँकरवाल्यानं शिपाईबाईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “उजाडायच्या सुमाराला रिकामा करतो तिथे. केंद्रावर न्यायला डिझेल देतात, पण केंद्रावर नेऊ नको असंही सांगतात. कोण सांगतं ते मला विचारू नका. माझी दोन पोरं आहेत.”

“नमुनेवाला होता?”

“होता की. होडीत बसलेला. मी पाइप गुंडाळत होतो, तर त्यानं बाटली वर करून दाखवली मला. म्हणाला, ‘बघ रे, तुझी करामत.’ पिवळी होती साहेब. अशी पिवळी, की…” तो उपमा शोधत राहिला आणि सापडली नाही. “मी शिवी दिली आणि गाडी काढली. तेव्हा तो जिवंत होता. हसत होता.”

“पिवळी? नक्की?”

“पाणी मीच ओतलं होतं. मला रंग ठाऊक नसेल?”

पेटीत सापडलेली बाटली काचेसारखी होती. टँकरवाला खोटं बोलत असेल म्हणावं, तर स्वतःला गोत्यात आणणारं खोटं कुणी बोलत नाही. म्हणजे मेलेल्या माणसाच्या बाटलीतलं पाणी कुणीतरी बदललं होतं. तो मेल्यावर.

५

चौथ्या दिवशी सुट्टीवरून परतलेल्या प्रयोगशाळेच्या बाई चिडलेल्या होत्या, आणि त्यांची चीड काचेच्या भांड्यांवर निघत होती.

“मी सुट्टीवर असताना निकाल दिला. माझ्या टेबलावर आलेली बाटली माझ्याशिवाय तपासली आणि वर त्या नळवाल्याला फोन करून सांगितलं. कोणी ते मला माहीत आहे. त्याचं मी बघते.”

“निकाल चूक आहे?”

“निकाल बरोबर आहे. पाणीच चूक आहे.” त्यांनी उरलेलं पाणी मुनीमासमोर ठेवलं. “हे तळाचं पाणी? तळाचं पाणी गढूळ असतं, गाळ बसतो खाली. हे विहिरीचं किंवा कूपनलिकेचं असेल. शिवाय धातूच्या नमुन्यात आम्ही जागेवरच आम्लाचे चार थेंब टाकतो, नाहीतर धातू काचेला चिकटतो. म्हणून गळ्याशी बोटभर जागा ठेवायची. हे आमच्या हाडात भिनलेलं असतं. या पाण्यात आम्ल नाही, आणि बाटली म्हणे काठोकाठ भरून आली. बुडबुडासुद्धा नव्हता. आमच्या हाताखालचा तो मुलगा असं कधी भरणार नाही.”

“तुमच्यापैकी कुणी गडबडीत भरली असती तर?”

“गडबडीत तर नाहीच. गडबडीत माणूस सवयीनंच वागतो. माझ्या हातून गळ्याशी जागा सुटलीच असती.”

मुनीम खुर्चीत मागे रेलला. त्याच्या डोळ्यांसमोर खिडकीच्या कट्ट्यावरच्या बाटल्या आल्या, त्यांच्या गळ्याशी रिकामी जागा. मग नळाखाली अर्धी सांडणारी बाटली. मग एक हात आला, पाण्यात तिरका बुडणारा. त्यानं तो हात दूर सारायचा प्रयत्न केला. त्या हाताच्या माणसाचे डोळे खरे भरले होते.

“बाई, दुसरा नमुना लगेच घेता येईल? त्याच कोपऱ्याचा?”

“माणूस नेमून यायला पंधरवडा जाईल.” त्यांनी हातमोजे काढले. “थांबा. मीच जाते. होडी कोण देईल?”

“आबांची घेऊ नका,” मुनीम म्हणाला.

६

नमुनेवाल्याचं घर दोन खोल्यांचं. दारात त्याच्या चपला अजून होत्या. आत त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती आणि शिपाईबाई न सांगता स्वयंपाकघरात शिरून चहा टाकत होत्या.

“आठवडाभरात घरात काही वेगळं घडलं?” मुनीमानं विचारलं.

“काही नाही. मागच्या आठवड्यात एका रात्री तो आणि आबा अंगणात बोलत बसले होते. मी बाहेर गेले तर गप्प झाले. मी म्हटलं, सासरा-जावई मिळून माझ्याविरुद्ध कट करताय का? तो हसला. आबा हसले नाहीत.”

“नंतर?”

“नंतर काही नाही. आबा रागावलेत असं वाटलं मला. रोज एक मासा पाठवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, मासा खात जा, बाळाला चांगला. सगळ्यात मोठा, स्वतः निवडून. त्या रात्रीनंतर बंदच केला. विचारलं तर म्हणे, आता जड पडेल तुला, दूध पी. पहिल्यापासून मासा खाल्लेली पोर मी. मला आता जड पडणार?”

मुनीमाच्या मनातले दोन्ही रकाने एकदम भरले आणि त्याला त्याचा आनंद झाला नाही. त्या माणसानं सगळ्या जगापासून एक गोष्ट राखली होती. फक्त मुलीच्या ताटापाशी राखता आली नव्हती.

स्वयंपाकघरातून शिपाईबाईंचा आवाज आला. “ताई, या पातेल्यात काय आहे?”

“मासा. काल शेजारच्या काकूंनी बाजारातून आणून शिजवून दिला. म्हणाल्या, तुझ्या आबांच्याच तळ्याचा आहे. मला घास जाईना. पण दोन दिवस पोटात काही नव्हतं, बाळासाठी चार घास खाल्ले.” तिनं वर पाहिलं. “का?”

“आता खाऊ नका,” मुनीम म्हणाला. “बाई, तुम्ही इथेच थांबा आणि डॉक्टरांना बोलवा. मी येतो.”

“साहेब, कुठे?”

तो चपलांवरून पाय उचलून बाहेर पडला होता.

७

शेडवर लॉरी भरत होती. मुनीमानं चालकाला किल्ली काढायला लावली आणि स्वतःच्या खिशात टाकली. आबा धावत आले.

“हे काय साहेब? बर्फ वितळेल.”

“वितळू दे. बसा आबा.”

ते खाटेवर बसले. मुनीम समोरच्या उलट्या क्रेटवर बसला. तो आवाज चढवत नसे, हिशेब वाचून दाखवावा तसा बोलत असे.

“जावयानं उजाडताना तळाचं पाणी भरलं. पिवळं. टँकरवाल्यानं पाहिलं. पेटीत बाटली सापडली ती काचेसारखी. चिठ्ठी तीच, बाटली तीच, पाणी दुसरं. टाकून दिली असती तर लोकांनी विचारलं असतं, नमुना कुठे गेला. म्हणून बदललं. आता हे कोणी करावं? आधी मला वाटलं, कारखान्यानं. पण त्यांचा माणूस रोज धातूचे नमुने भरतो, गळ्याशी जागा सोडून. प्रयोगशाळेच्या बाईंचा हातही तसाच. टँकरवाल्याला बाटली सांडल्याशिवाय भरता येत नाही. ही बाटली मात्र काठोकाठ होती, आबा. बूच पाण्याखाली लावलेलं. बुडबुडा नाही. घाईत, भेदरलेल्या अवस्थेतही ज्याच्या हातानं बुडबुडा राहू दिला नाही, असा माणूस या तळ्यावर एकच आहे. आणि तसं नितळ पाणीही एकाच हौदात.”

आबा आपल्या हातांकडे पाहत होते. जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि आत्ताच कुणी त्यांच्या मांडीवर आणून ठेवले होते.

“बाटली भरता येणं हा गुन्हा नाही,” ते शेवटी म्हणाले. “आणि मी कशाला? तळं खराब आहे हे जगाला ओरडून सांगणारा मीच.”

“खरंय. दर आठवड्याला सांगायचात. मग गेल्या आठवड्यात गप्प का झालात? तळं नासलंय हे तुम्ही ओरडत होतात तेव्हा पुरावा कुणाकडेच नव्हता. आता पुरावा येणार होता, तोही नेमका मासे लॉरीत चढताना.”

“हे सगळं तुमचं बोलणं. जावई मला काही बोलला नव्हता.”

“मग पोरीला मासा पाठवणं का बंद केलंत?”

बर्फ फोडणाऱ्यानं हात थांबवला.

“तुम्हाला माशात काय आहे ते माहीत नसतं तर तुम्ही तिला आजही पाठवला असता. सगळ्यात मोठा, निवडून.” पुढचं वाक्य मुनीमाला नको होतं, पण तेही हिशेबातलंच होतं. “तुम्ही बंद केलात. शेजारणीनं बाजारातून आणला. तुमच्या तळ्याचा. काल जेवली ती.”

आबा उठले. उठले आणि परत बसले.

“किती?” त्यांनी विचारलं. आवाज ओळखू येईना. “किती खाल्ला?”

“चार घास म्हणते.”

“चार…” त्यांनी खाटेची दोरी घट्ट धरली. मग बोलायला लागले, ते मुनीमाशी नव्हे, समोरच्या पाण्याशी. “त्यानं घरच्या घरी काहीतरी कागद बुडवून पाहिला होता. मला म्हणाला, मामा, मासे काढू नका, धातू आहे त्यात, बायाबापड्यांना, पोटातल्या पोरांना बाधेल. पक्का नमुना घेतो, मग जाहीर करू. मी म्हटलं, एवढी एक काढणी होऊ दे, मग कर. एवढीच. तो ऐकेना. त्या दिवशी मी होडी घेऊन गेलो. पेटी ओढली. तो उठून उभा राहिला. कधी उभा राहायचा नाही तो. तोल गेला, डोकं आपटलं, पाण्यात पडला. मी मागून उडी टाकली. त्याचा शर्ट हातात आला होता माझ्या.”

मुनीमाला ते वाळत घातलेले कपडे आठवले.

“मग?”

“मग माझ्या मनात आलं, हा वर आला तर बोलणार.” आबांनी डोळे मिटले. “ढकललं नाही साहेब मी. देवाशपथ नाही. नुसता हात सोडला.”

लॉरीतून बर्फाचं पाणी गळत होतं आणि उतारानं निघून तळ्यात चाललं होतं.

“आधीच्या लॉऱ्या कुठे गेल्या?” मुनीमानं विचारलं.

आबांनी बाजारांची नावं सांगितली. मुनीमानं ती फोनवर पुढे सांगितली. काही ठिकाणी क्रेट अडवले गेले. काही ठिकाणी नुसत्या रिकाम्या पाट्या होत्या.

८

प्रयोगशाळेच्या बाईंची बाटली संध्याकाळी आली. पिवळी, गळ्याशी बोटभर जागा सोडलेली. कारखान्याला नोटीस निघाली. व्यवस्थापकानं ती दोन बोटांत धरून वाचली, वकिलाला फोन लावला आणि मुनीमाला चहा विचारला. टँकरवाल्याची नोकरी गेली. खुनाच्या कागदावर नाव आलं ते एकट्या आबांचं. तसं यायलाच हवं होतं. तरी मुनीमाला त्या दिवशी आपल्या रकान्यांची लाज वाटली, कारण त्या नळांच्या भिंतीपलीकडचं येणं मांडायला त्यात घरच नव्हतं.

तो नमुनेवाल्याच्या घरी गेला. डॉक्टर तपासून गेले होते. बाळाचे ठोके नीट होते. चार घासांचं काय होईल हे आत्ता सांगता येत नाही, म्हणाले होते. त्याआधीचे कितीतरी महिने ती रोज तोच मासा खात होती, हे तिनं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी नळी पुन्हा कानाला लावली होती.

मुनीमानं उभ्याउभ्याच सांगितलं. तिनं मागितलं होतं तसं, खरं, काही न गाळता. आबांनी हात सोडला तेही.

ती स्वयंपाकघराकडे पाहत होती.

“म्हणजे मासा पाठवायचं बंद केलं, ते माझ्या काळजीनं,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि लॉरीतला मासा खाणाऱ्या बायका? त्यांना आबा नसतील?”

ती भिंतीचा आधार घेत उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ते पातेलं दोन्ही हातांनी घेऊन मागच्या दारात आली. मागच्या दारापाशी मोरी होती. मोरीचं पाणी गटारात जायचं, गटार ओढ्यात, ओढा तळ्यात. पायरीवर शेजाऱ्यांची मांजर शेपटी उभी करून आली, तिला तिनं पायानं मागे सारलं. परसात खड्डा करावा तर तिथे कूपनलिका होती.

ती पातेलं धरून तशीच उभी राहिली. मग वळून मुनीमाला म्हणाली,

“साहेब, हे टाकू कुठे?”